विश्लेषण : देशाच्या अन्न ताळेबंदात बाळाचा घास कुठे असतो? भुकेचे गणित मांडणारे पां. वा. सुखात्मे कोण होते?

देशात धान्य पुरेसे आहे, असे सरकारी आकडे सांगतात. त्याच देशात कुपोषित बालकांच्या बातम्याही येत राहतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? जगात भुकेलेले नेमके किती, हे मोजण्याची आज वापरात असलेली पद्धत ज्यांच्या कामातून उभी राहिली, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातले. शेतातल्या पिकापासून मुलाच्या ताटापर्यंतचा हिशेब त्यांनी आयुष्यभर मांडला. त्यांचे काही निष्कर्ष जगाने स्वीकारले, तर काहींवर पुण्यातच जोरदार वाद झाला.

बुध ते लंडन : सुरुवात कशी झाली?

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये दाखल झाले. संख्याशास्त्र शिकण्यासाठी त्या वेळी याहून चांगली जागा नव्हती. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन ही या विषयातली तीन मोठी नावे त्या काळात तिथेच काम करत होती.

नेमन यांनी १९३४ मध्ये नमुना पाहणीचा पाया घालणारा शोधनिबंध मांडला होता. सगळ्यांना मोजणे शक्य नसेल तर लोकसंख्येचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून ठरावीक संख्येने नमुने घ्यायचे, ही त्यातली कल्पना. पण कोणत्या गटातून किती नमुने घ्यायचे हे ठरवायला त्या गटात किती चढउतार आहे ते आधी माहीत असावे लागते. ते माहीत नसेल तर काय? छोटी प्राथमिक पाहणी करून तो अंदाज कसा घ्यायचा, यावर तरुण सुखात्मे यांनी १९३५ मध्ये निबंध लिहिला. १९३६ मध्ये त्यांना पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळाली.

भारतात परतल्यावर कोलकात्याच्या अखिल भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेत त्यांनी थोडा काळ काम केले. १९४० मध्ये ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. तिथे पुढची साधारण ११ वर्षे गेली.

आणेवारीवर त्यांचा आक्षेप काय होता?

त्या काळी देशात किती धान्य पिकले हे ठरवण्याची पद्धत म्हणजे आणेवारी. पीक उभे असताना गावकामगार ते नजरेने पाहायचा आणि नेहमीच्या चांगल्या पिकाच्या तुलनेत यंदाचे पीक किती आणे, हे लिहायचा. तो आकडा तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि पुढे प्रांताला जायचा. शेतसाऱ्यात सूट मिळायची की नाही, हेही याच आकड्यावर ठरत असल्याने अंदाज सावधपणे, हात राखून दिले जात. पैसेवारी या नावाने हा शब्द महाराष्ट्रातल्या दुष्काळाच्या बातम्यांत आजही भेटतो.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात सुमारे ३० लाख लोक मरण पावल्याचे मानले जाते. प्रांतात धान्य खरोखर किती आहे, हे त्या वेळी कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. आकडा चुकला की माणसे मरतात, हे या दुष्काळाने दाखवून दिले. युद्धकाळात शिधावाटप सुरू झाल्यावर तर अचूक अंदाजाची गरज रोजची झाली.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी यावर पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावे निवडायची, गावातून शेते निवडायची आणि शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा. त्यातले पीक कापायचे, मळायचे, वाळवायचे, वजन करायचे आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पादन काढायचे. हे काम महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडूनच करून घ्यायचे, असा त्यांचा आग्रह होता. वेगळी फौज उभारली तर ही पद्धत टिकणार नाही, हे त्यामागचे कारण.

पीक विम्याची भरपाई ठरवताना आजही पीक कापणी प्रयोगांचे आकडे वापरले जातात. पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक कृषी महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनी वापरले आहे.

महालनोबिस यांच्याशी मतभेद कशावरून झाले?

कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस हेही पिकांच्या पाहण्या करत होते. त्यांचा कल खूप छोटे तुकडे, पण संख्येने जास्त घेण्याकडे होता. सुखात्मे यांचे म्हणणे होते की, तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसते. १९४६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले.

कारण साधे आहे. तुकड्याच्या सीमेवर जी रोपे येतात ती आत धरायची की बाहेर, असा प्रश्न येतो तेव्हा कापणाऱ्याचा हात ती आत घेण्याकडे झुकतो. चौकोनाची बाजू निम्मी केली की क्षेत्रफळ पाव होते, परिमिती मात्र निम्मीच होते. म्हणजे तुकडा जितका लहान, तितका त्यात सीमेवरच्या रोपांचा वाटा मोठा आणि चूकही मोठी. नमुन्यांची संख्या वाढवून ही चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक तुकड्यात ती एकाच दिशेने होते.

मोजणाऱ्याची चूक एका बाजूला झुकलेली असेल तर ती लाखो नोंदींतही तशीच राहते. हा धडा सुखात्मे यांना पुढे भूक मोजताना उपयोगी पडला.

देशाचा अन्न ताळेबंद कसा मांडतात?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत (एफएओ) संख्याशास्त्र विभागाचे संचालक म्हणून रोमला गेले. पुढची जवळपास दोन दशके त्यांनी तिथे काढली. या संघटनेचा भुकेबद्दलचा बहुतेक हिशेब देशांच्या अन्न ताळेबंदावर उभा असतो.

ताळेबंद मांडण्याची रीत किराणा दुकानदाराला सहज समजेल अशी आहे. देशात पिकलेले धान्य घ्यायचे. त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची आणि साठ्यातला फरक धरायचा. मग बियाण्याला ठेवलेले, जनावरांना घातलेले आणि वाया गेलेले वजा करायचे. उरते ते माणसांच्या खाण्यासाठीचे अन्न. त्याचे उष्मांकांत, म्हणजे कॅलरींत, रूपांतर करून लोकसंख्येने भागायचे. उत्तर येते : दर माणशी दररोज इतके उष्मांक.

हा आकडा सोपा आणि उपयोगी आहे, पण ती सरासरी आहे. कोणाच्या ताटात किती पडले, हे त्यातून कळत नाही.

मग तान्हे बाळ या हिशेबात कुठे दिसते?

जवळपास दिसतच नाही. एफएओच्या ताळेबंदात बालान्नासाठी स्वतंत्र नोंद आहे. मात्र ती डब्यातून किंवा पाकिटातून विकल्या जाणाऱ्या तयार अन्नाची. बाळाचे पहिले आणि मुख्य अन्न म्हणजे आईचे दूध. ते बाजारात येत नाही, गोदामात साठत नाही, त्याची पावती फाटत नाही. त्यामुळे ते हिशेबाबाहेर राहते. भाजकात बाळ मोजले जाते, भाज्यात त्याचे दूध धरलेले नसते. आईच्या दुधाचा अंदाज राष्ट्रीय अन्नपुरवठ्याच्या आकडेवारीत धरणाऱ्या मोजक्या उदाहरणांत नॉर्वेचे नाव घेतले जाते.

याचा परिणाम किती मोठा? एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात १,००० माणसे आहेत आणि त्यात सहा महिन्यांखालची १० बाळे आहेत. प्रत्येक बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर, म्हणजे अंदाजे ५०० उष्मांकांचे दूध पिते. दहा बाळांचे मिळून झाले ५,००० उष्मांक. ते १,००० माणसांत वाटले तर दर माणशी येतात फक्त पाच. गावाची सरासरी २,४०० असेल तर त्यात या पाचाचा वाटा ०.२ टक्के.

म्हणजे गावातल्या सगळ्या तान्ह्या बाळांचे सगळे अन्न सरासरीत धरले काय आणि वगळले काय, आकडा जागचा हलत नाही. उलट बाजूने पाहिले तर गावातले प्रत्येक बाळ उपाशी राहिले तरी सरासरी बिघडलेली दिसणार नाही. सरासरीच्या पलीकडे जाऊन मोजण्याची गरज आहे ती यासाठी.

जगात भुकेलेले किती, हे त्यांनी कसे काढले?

दुसऱ्या महायुद्धानंतर जगातले दोन तृतीयांश लोक भुकेले आहेत, असा दावा सर्वत्र केला जात होता. एफएओचे पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनीही तो मांडला होता. कॉलिन क्लार्क यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांना हा आकडा निराधार वाटत होता. १९६० मध्ये एफएओचे तेव्हाचे भारतीय महासंचालक बी. आर. सेन यांनी भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली. तिला टिकेल असा आकडा हवा होता.

सुखात्मे यांनी दोन गोष्टी विचारात घेतल्या. एक, लोक सारखे खात नाहीत. दोन, लोकांची गरजही सारखी नसते. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या, एकच काम करणाऱ्या दोन निरोगी माणसांतही एकाला जास्त लागते, दुसऱ्याला कमी. त्यामुळे सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण भुकेला आहे, असे म्हणणे चूक ठरते. तसे म्हटले तर पूर्ण निरोगी समाजातही निम्मे लोक भुकेले ठरतील.

म्हणून रेषा सरासरीच्या बऱ्याच खाली आखायची. समजा, सरासरी गरज २,४०० उष्मांक आहे आणि माणसामाणसांतला फरक, म्हणजे प्रमाण विचलन, २०० आहे. मग सरासरीतून त्याची दुप्पट वजा केली की रेषा येते २,००० वर. त्याहूनही कमी खाणारा निरोगी माणूस क्वचितच सापडेल. म्हणून त्या रेषेखालचे लोक जवळपास खात्रीने अर्धपोटी आहेत, असे म्हणता येते.

या पद्धतीने त्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. जगातले १० ते १५ टक्के लोक अर्धपोटी आहेत आणि अपुरे किंवा निकस अन्न मिळणारे सगळे धरले तर प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हा जगाची लोकसंख्या सुमारे ३०० कोटी होती. म्हणजे ३० ते ४५ कोटी माणसे अर्धपोटी होती. आधीच्या दाव्यापेक्षा आकडा लहान होता, पण तो सिद्ध करता येत होता. सोसायटीने १९६३ मध्ये त्यांना गाय पदक (रौप्य) दिले. शाश्वत विकास उद्दिष्टांत भुकेचा जो निर्देशांक वापरतात, त्याची मांडणी याच वाटेने आली आहे.

प्रथिने हवीत की पोटभर जेवण?

लहान मुलांच्या आहाराशी सुखात्मे यांचा थेट संबंध आला तो या वादात. ब्रिटिश डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात आजच्या घाना देशात क्वाशिओरकोर या आजाराचे वर्णन केले होते. धाकट्या भावंडाच्या जन्मानंतर आईचे दूध तुटलेल्या मुलांना हा आजार होई. अंगावर सूज यायची, केसांचा रंग जायचा. प्रथिनांची कमतरता हे कारण मानले गेले.

त्यातून जगातल्या मुलांना प्रथिनांची तूट भासते आहे, हे मत पक्के झाले. १९५० आणि १९६०च्या दशकांत प्रथिनयुक्त बालान्ने तयार करण्याची चढाओढ लागली. मध्य अमेरिकेत इन्कापरिना आले. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत भुईमुगाच्या पिठापासून पौष्टिक मिश्रणे तयार झाली, तर आणंदला म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी बनू लागली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन संकटाचा इशारा देणारा अहवालच काढला.

सुखात्मे यांनी भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे तपासले. घराघरांत प्रत्यक्ष काय खाल्ले जाते, याच्या त्या नोंदी होत्या. त्यात उष्मांक पुरेसे मिळूनही प्रथिने कमी पडली, अशी उदाहरणे थोडी होती. ज्यांना प्रथिने कमी पडत होती, त्यातल्या बहुतेकांना मुळात जेवणच कमी पडत होते. १९७० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याचे कारण शरीराच्या व्यवहारात आहे. ऊर्जा अपुरी पडली की शरीर खाल्लेली प्रथिनेही जाळून टाकते. अशा मुलाला महागडी प्रथिन भुकटी दिली तरी ती चुलीत लाकूड घातल्यासारखी खर्च होते. उलट भाकरी-आमटी, भात-वरण पोटभर मिळाले तर धान्य आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षापर्यंत आले होते. १९७०च्या दशकात प्रथिनांच्या गरजेचे आंतरराष्ट्रीय मापदंड खाली आले आणि प्रथिन संकटाची चर्चा ओसरली.

याला दोन अपवाद मात्र लक्षात ठेवावे लागतात. कसावासारखी कंदमुळे हाच मुख्य आहार असेल तिथे पोट भरूनही प्रथिने कमी पडू शकतात. दुसरा अपवाद खुद्द बाळाचा. उष्टावण झालेल्या बाळाची भूक मोठी, पण पोट लहान. त्याला पातळ पेज किंवा वरणाचे पाणी दिले तर पोट भरते आणि उष्मांक मात्र पोहोचत नाहीत. म्हणून घट्ट शिजवलेले, तूप-तेल घातलेले अन्न दिवसातून अनेकदा द्यावे लागते. घरात धान्य असणे आणि ते बाळाच्या अंगी लागणे यात आईचा वेळ, इंधन आणि स्वच्छ पाणी इतक्या गोष्टी येतात.

पुण्यातला वाद कशाचा होता?

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्याला परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (आजची आघारकर संशोधन संस्था) काम करू लागले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दर माणशी दररोज २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च करू न शकणारे ते गरीब, अशी त्यांची कसोटी होती.

सुखात्मे यांचा आक्षेप जुनाच होता. सरासरी गरज हीच रेषा धरली तर निरोगी माणसेही उपाशी ठरतात. आता त्यांनी त्यात एक नवी गोष्ट जोडली. अमेरिकेतील आहारतज्ज्ञ शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी मांडले की, एकाच माणसाची गरजही स्थिर नसते. काही दिवस कमी खाल्ले तर शरीर काटकसर करते, जास्त खाल्ले तर सैल सोडते, आणि ठरावीक मर्यादेत आरोग्याला धक्का न लागता हे चालते. हे खरे मानले तर रेषा खाली येते आणि तिच्याखालच्या लोकांची संख्याही बरीच घटते.

इथे वादाला धार आली. दांडेकर यांनी लेख लिहून याचा प्रतिवाद केला. गोपालन यांनीही शरीराच्या जुळवून घेण्याच्या कल्पनेला विरोध केला. माणूस कमी अन्नात जगतो याचा अर्थ त्याला काही गमवावे लागत नाही असा नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वाढत्या मुलाच्या बाबतीत तर तो अधिकच लागू पडतो. मोठा माणूस काम कमी करून ऊर्जा वाचवेल, बाळ मात्र खेळणे कमी करते आणि उंची गमावते. प्रौढांच्या काही दिवसांच्या नोंदींवरून मुलांबद्दल निष्कर्ष काढता येणार नाहीत, ही टीका आजही ग्राह्य धरली जाते. रेषा खाली आणली की सरकारची जबाबदारीही हलकी होते, ही भीतीही त्यामागे होती.

सुखात्मे यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. अन्न कमी लागते म्हणून काही करू नका, असे त्यांचे म्हणणे नव्हते. जंत आणि जुलाब असलेल्या मुलाच्या पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून शिध्याबरोबर स्वच्छ पाणी, संडास आणि आरोग्यसेवा द्या, असा त्यांचा धोशा होता. नुसते धान्य वाढवून कुपोषण हटणार नाही, हे त्यांचे मत पुढच्या काळात अधिक पटत गेले.

आज याचा अर्थ काय?

सुखात्मे यांचे निधन २८ जानेवारी १९९७ रोजी झाले. केंद्र सरकार त्यांच्या नावाने संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार देते. राष्ट्रीय सांख्यिकी दिन साजरा होतो तो २९ जूनला, त्यांचे जुने प्रतिस्पर्धी महालनोबिस यांच्या जन्मदिनी.

त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र कायम आहे. २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ३१ कोटी टन अन्नधान्य पिकले. त्याच काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचे दूध मिळत होते. ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी होती फक्त ११.३ टक्के.

पहिला आकडा पिकांच्या उत्पादनाच्या अंदाजातून येतो. बाकीचे तीन अंगणवाडीच्या वयाच्या मुलांच्या घरी जाऊन, त्यांची उंची मोजून आणि आयांना विचारून मिळतात. देशात अन्न पुरेसे आहे असा दावा पुढच्या वेळी वाचनात आला, तर तो यांपैकी कोणत्या आकड्यावर उभा आहे, एवढे आधी पाहावे.